देवाला दाखवलेले ओट्स

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं ओरडायला काय झालं?" काय झालं? तुम्हीच ठरवा! माझी बहीण शलाका, वय एकोणीस, अंगावर हाडं सोडून काही नाही, पोळी खाल्ली की पोट धरून बसायची, आणि आमची मोठी माणसं काय म्हणायची? "नाटकं! कॉलेज बुडवायचं असेल!" शेवटी डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घालून सांगितलं, गहू बंद. एक कण चालायचा नाही, एक कण!

मग पथ्याचा नाश्ता कोण करणार? इंजिनिअरिंग सोडून कारेलीबागच्या फ्लॅटमध्ये रिकामं कोण बसलंय? मी! केला ना! आमच्या बडोद्यात आता पिझ्झा मिळतो, मॉल उघडलाय, पण गव्हाचा स्पर्श न झालेले ओट्स? नाव नका काढू! ते न्यू जर्सीहून आमचा चुलतभाऊ मयंकदादा पाठवतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेत. ओट्स शिजवायचे आणि भोवती वाट्या मांडायच्या... केळं, खजूर, गूळ, सिंगदाणे, तिखट हवं तर जिरं-मिरचीची फोडणी. "शलू, आज काय घालू?" थाट बघा! आणि बाबा, म्हणजे आमचे दत्ताजीराव, पणजोबा गायकवाडी रिसाल्यात घोडेस्वार होते ना, वाटीत डोकावून म्हणतात, "हा तर घोड्याचा खुराक!" अहो, घोडे तरी धडधाकट होते!

महिना झाला, तुम्हाला सांगतो, पोट तसंच! वजन उलट उतरलं! डॉक्टर माझ्यावरच डोळे वटारतात, "भाई, क्यांकथी घउं जाय छे! कुठूनतरी गहू जातोय पोटात! असंच चाललं तर परत दुर्बीण." दुर्बीण म्हटल्यावर शलाका तिथेच रडायला लागली. मी घरी येऊन पातेलं नवं आणलं, चमचे वेगळे केले, आईचा पोळपाट गॅलरीत नेला. "गॅलरीत पोळ्या लाटू? सोसायटी काय म्हणेल?" म्हणू दे! एक कण चालत नाही, आई, एक कण!

आणि परवा सकाळी... फोडणी करून वळतो तर काय! बाबा सोवळ्यात, हातात नैवेद्याची दूध-पोळी, बोटांनी पार मऊ कुस्करून शलाकाच्या ओट्समध्ये घालतायत! वर ढवळतायत!

"बाबा! गहू!"

"गहू कुठे? प्रसाद आहे."

"पोळीचाच ना?"

"देवापुढे ठेवल्यावर पोळी राहते का ती? प्रसाद बाधत नसतो. रोज घालतोय."

रोज! ऐकलंत? नंदेसरीच्या केमिकल फॅक्टरीत हाच माणूस, टाकीत थेंबभर पाणी गेलं तर अख्खी बॅच फेकायला लावतो! तिथे थेंब चालत नाही आणि पोरीच्या पोटात? म्हटलं, "टाकीत तीर्थ ओतलं तर चालेल का हो, बाबा?"

मग शलाकावर उलटलो, "तुला चवीला कळलं नाही?" तर ही मान खाली घालून म्हणते, "पहिल्याच दिवशी कळलं. पण त्या निमित्ताने बाबा माझ्याशेजारी येऊन बसतात रे. आधी कधी बसले होते?"

...आता बोला! शिव्यांची एवढी तयारी केलेली, सगळी वाया! बाबांनी हातातली वाटी बाजूला ठेवली. पुटपुटले, "मग देवाला काय दाखवू?" मी चिडून म्हटलं, "ओट्स दाखवा!"

दाखवले हो! शलाका आता दोन घास जास्त खाते, बाबा तिच्या शेजारची खुर्ची सोडत नाहीत, आणि मी? मी देवासाठी आणखी एक वाटी शिजवतो, प्रसाद म्हणून ती बाबाच संपवतात. देवघरातून हाक येते, "अरे, देवाला काल केळं आवडलं नाही, आज मिरची घाल!"

घालतो. बापाशी भांडता येतं, देवाच्या आवडीनिवडीशी कोण भांडणार?