वरच्या वाडीचा तुकडा

(बॅनर छापायच्या दुकानात, रेश्माच्या कॉम्प्युटरसमोर.)

राजेश : अजून कलता कर. अजून थोडा. हां, आता बघ, पुढचा तुकडा कसा अंगावर येतो!

रेश्मा : राजेशदादा, वरच्या वाडीचा वर्षाचा वाटा सात टक्के आहे. तो पुढे आणला, कलता केला, खाली वीटभर जाडी दिली. आणखी कलता केला तर टेबलावर सांडेल.

राजेश : आकडा बदल म्हणून मी कधी बोललो? आकडा सेम टू सेम ठेव. आपल्याला खोटं नाय करायचं.

रेश्मा : छे, छे. आकडा अगदी खरा आहे. मुंगीएवढ्या अक्षरात, सावलीत बसवलाय.

राजेश : नि त्याला शेड दे. निळी, चकाचक, पाण्यासारखी. गावठाण मागे टाक. फिका राखाडी.

रेश्मा : गावठाणात चारातले तीन वाटे पाणी जातं, दादा. तुमचं घर तिथेच ना?

राजेश : म्हणून तर मागे टाक बोललो. मोठ्या माणसाने मागेच उभं राहायचं असतं.

चंपाबाई : कुणाचा वाढदिवस हाय रे, राजेश?

राजेश : काकी, तू बस ना बाकड्यावर. सुकट घेऊन झाली ना तुझी? दहा मिन्टांत निघू पोलादपूरला. वाढदिवस नाय गो. हा पाय चार्ट. थ्री-डी. आपल्या नळयोजनेचं पाणी कुठल्या वाडीला किती जातं, ते यात दिसतं. शिमग्याला आपले मुंबईकर गावी येणार, त्यांच्या सभेला बॅनर लावायचा आहे.

चंपाबाई : मला केक वाटला. नि हा निळा, पुढं आलेला?

रेश्मा : ती वरची वाडी, मावशी.

चंपाबाई : आमची?

रेश्मा : तुमचीच.

चंपाबाई : अगो बाय. एवढं पाणी पितो आमी?

राजेश : काकी, डिझाइन असतं ते. मुंबईकरांना सगळं प्रोफेशनल लागतं. त्यांच्या मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष फोनवर काय बोलले, माहीत आहे? वरच्या वाडीला पाणी कमी पडत असेल, तर यंदा दुसरा पंप बसवू. पुरत असेल, तर गावाच्या तोंडाशी कमान बांधू.

चंपाबाई : मग तू काय सांगितलंस?

राजेश : मी कुठे काय सांगणार? बोललो, चार्ट बघा आणि तुम्हीच ठरवा. लोकशाही आहे.

रेश्मा : कमानीचं डिझाइन मात्र गेल्या आठवड्यातच झालं, मावशी. वर देवाचं नाव, खाली पाणी समितीचे अध्यक्ष म्हणून दादांचं. देवाचं जरा लहान आलं, जागा पुरली नाही.

राजेश : रेश्मा, तू कामाकडे लक्ष दे. त्या निळ्यावर चमक टाक.

चंपाबाई : टाक गो, टाक. चांगला काढलायस. राजेश, हा लावणार कुठं?

राजेश : एसटीच्या थांब्याला.

चंपाबाई : तिथं कोण बघतो? आमच्या टाकीवर लाव. पालखी वर आली की टाकीपाशीच टेकते. तुझ्या मुंबईकरांना खांदा द्यायची भारी हौस. भांडतात मेले.

राजेश : टाकीवर कशाला?

चंपाबाई : मग? पालखी आणणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं असतं ना? गेल्या साली आमी बायांनी खालनं हंडे वाहून आणले, फडक्यांनी झाकून ठेवले. मुंबईकरांना वाटलं, नळाचं. यंदा बाया म्हणाल्या, चढ कोण चढणार? नळाखालीच धरू देत पाय. तोटी सोडू.

राजेश : काकी, तुमच्या तोटीला पाणी कुठे येतं?

चंपाबाई : असं कसं? हे बघ की. केवढं निळं हाय.

राजेश : यंदा तर दिवाळीपासूनच नाय आलं, तूच बोंबलत होतीस ना?

रेश्मा : राजेशदादा, जरा हळू. तुम्हीच आत्ता म्हणालात, चार्ट बघून ठरवा.

राजेश : हे बघ, काकी, पालखीच्या वेळी चेष्टा नको. पायांवर पाणी पडल्याशिवाय पालखी पुढे नेत नाय आपण. मुंबईकर कोरडे पाय घेऊन टाकीपाशी उभे राहतील, वर हा बॅनर, बॅनरवर माझा फोटो.

चंपाबाई : फोटो पण हाय? मग बरंच. कुणाला विचारायचं, ते त्यांना शोधायला नको.

राजेश : त्यांतला एक जण लगेच व्हिडिओ काढेल.

चंपाबाई : काढू दे. चेष्टा मी नाय करत, राजेश. आमी हंडे नाय आणणार, एवढंच सांगते. गेल्या साली आमच्या वाडीतली सारिका हंड्यासकट घसरली. अजून लंगडते पोरगी.

(राजेश पडद्यावरच्या निळ्या तुकड्यावर बोट ठेवतो.)

राजेश : रेश्मा... हे सपाट केलं तर?

रेश्मा : करते की. ही जाडी गेली. सावली गेली. चमक गेली. बघा, गावठाण लगेच पुढे आलं.

राजेश : भयंकर दिसतं.

रेश्मा : जसं आहे तसं दिसतं, दादा. आणि कमान?

राजेश : राहू दे आता. पंप झाल्यावर बघू.

चंपाबाई : नि आमचा तुकडा कुठं गेला गो?

रेश्मा : हा काय, मावशी. ही बारीक फोड.

चंपाबाई : हां. आता ओळखला.