वाचनालयाबाहेर नेऊ नये

डांबून? — अहो दादा, तो शब्द आधी खोडा त्या कागदावरून, मग मी बोलते. अध्यक्षबाई म्हणाल्या म्हणून काय झालं! 'सभागृहाच्या केअरटेकर बाईंनी मला सव्वादोन तास डांबून ठेवले' — हेच लिहिलंय ना? आता समितीनं तुम्हाला चौकशीला पाठवलंच आहे, तर या इकडे. हा वाचनालयाचा बालविभाग, हे त्याचं दार. फिरवा मूठ. फिरवा ना, चावत नाही. उघडलं? चार वर्षं झाली याचं कुलूप मोडून, तीन वेळा अर्ज दिलाय मी. शनिवारी आत तेवीस माणसं होती, त्यात दोन डॉक्टर, एक वकील — आणि तेवीसांपैकी एकानंही सव्वादोन तासांत या मुठीला हात लावला नाही. मग डांबलं कोणी? बसा. मोठी खुर्ची नाहीये इथे, त्या पोरांच्याच आहेत. तेही तसेच बसले होते, गुडघे कानाशी घेऊन.

पहिल्यापासून सांगू? बरं. तो स्वातंत्र्य सप्ताह होता, हे तर तुम्हाला माहीत आहे — हक्कांचा इतिहास, स्थलांतर, सगळ्यांनी एकत्र यायचं, कागदी कपात चहा. चांगलं होतं हो, मी नावं ठेवत नाही. व्हरांड्यात तो बाक आणून ठेवला होता, पाहिलात येताना? जुन्या बसथांब्यावरचा. त्या बाकावर एके काळी ठरावीक वस्तीतल्या माणसांना बसायची बंदी होती, आणि एक दिवस नऊ जण जाऊन सरळ बसले, पोलिसांनी उचलून तुरुंगात टाकलं, गाजलं ते, पुढे कायदा बदलला. तोच बाक. आणि समितीनं काय केलं — त्याच्या चारी बाजूंनी दोरी बांधली आणि पाटी लावली, 'कृपया बसू नये'. मी म्हटलं, बाई, हे जरा कसंतरी दिसतंय. तर अध्यक्षबाई म्हणाल्या, अहो, ऐतिहासिक आहे तो, झिजेल. बरं. मला काय, मी दोरीखालून झाडू घालत होते.

आणि मला बसवलं होतं खुर्चीवर. हो, मलाच! 'जिवंत कहाणी' म्हणून. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी — 'मी आले'. लोकांनी यायचं, समोर बसायचं आणि मला विचारायचं. एकतीस वर्षं मी हे सभागृह पुसते, कोणी मला विचारलं नाही की बाई तुम्ही कुठल्या, आणि त्या आठवड्यात रांग! 'सीमा ओलांडताना काय वाटलं?' मी म्हटलं, पाय दुखत होते. 'आणि मनात?' मनात म्हटलं, बाथरूम कुठे आहे. खोटं कशाला सांगू? सहा तास उभ्या होतो आम्ही त्या रांगेत. एक बाई रुमाल काढून तयार बसल्या होत्या, त्यांनी तो तसाच घडी करून आत ठेवला. मग अध्यक्षबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, जरा भावूक होता आलं तर बघा. जेवणाच्या सुट्टीनंतर. म्हणजे अडीच वाजता मी भावूक व्हायचं. नाही झालं ते. थांबा — मघाशी रांगेत 'उभ्या होतो आम्ही' म्हटलं का मी? उभी होते. एकटीच. लिहा पुढे.

तर शनिवार. शनिवारी मोठा कार्यक्रम, 'सीमेवरचा एक तास'. सभागृहात जायचं तर आधी दारात टेबल, टेबलामागे अधिकारी. प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं — तुम्ही गवंडी, तीन मुलं, गावात दुष्काळ, तुम्ही सुईण, नवरा बेपत्ता, असं. अधिकाऱ्यानं दोन प्रश्न विचारायचे, शिक्का मारायचा, आत सोडायचं, की सगळे मिळून भाषण ऐकायला मोकळे. अधिकारी व्हायला निवृत्त पोस्टमास्तर येणार होते, नेमकी त्यांची दाढ सुजली. अध्यक्षबाई धावत माझ्याकडे — तुम्हीच बसा हो, तुम्हाला काय, दोनच तर वाक्यं! वॉचमनचा जुना कोट दिला मला घालायला. आणि शिक्के? शिक्के आणायचे राहून गेले, म्हणून वाचनालयाचे दिले. एक 'तपासले' आणि दुसरा 'वाचनालयाबाहेर नेऊ नये'.

मी विचारलं होतं, सगळ्यांनाच आत सोडायचं का? त्या म्हणाल्या, नाही नाही, दोघातिघांना अडवा, खरं वाटलं पाहिजे. त्यांना बालविभागात बसवा. हे लिहा. खरं वाटलं पाहिजे — हे त्यांचे शब्द.

आता पहिलेच आले ते डॉक्टर, हातात कार्ड गवंड्याचं. मी विचारलं, गवंडी का? हो म्हणाले, हसत. मग भिंत सरळ आहे की नाही ते कसं बघता? म्हणाले, डोळ्यांनी. डोळ्यांनी! अहो, ओळंबा म्हणायला काय झालं होतं? माझे वडील गवंडी होते, दादा. आणि तीन मुलांची नावं सांगा म्हटलं तर दोनच सुचली, तिसऱ्याला म्हणाले, लहान आहे अजून. मग काय करणार मी? 'वाचनालयाबाहेर नेऊ नये' — मारला शिक्का, कार्डावर एक आणि मनगटावर एक. 'पुढचा!' मग बँकेच्या मॅनेजरबाई, त्या सुईण. नाळ कशानं बांधता विचारलं. त्या म्हणाल्या, ते नर्स बघते. बसा आत. वकिलांनी तर माझ्याशी वाद घातला, की माझं कार्ड मेंढपाळाचं असलं तरी मेंढपाळाला मेंढ्या मोजता आल्याच पाहिजेत असं कुठे लिहिलंय. मी म्हटलं, आत जाऊन लिहा. आणि गेले हो! हेच मला कळत नाही — हातातली पिशवी सांभाळत गेले, त्या इवल्याशा खुर्चीवर बसले आणि शेजारच्याला विचारायला लागले, तुम्हाला किती वेळ झाला? एकजण उठून पाणी प्यायला बाहेर आले, तर वॉचमननं त्यांचं मनगट बघितलं आणि परत पाठवलं. त्याचंही काय चुकलं? शिक्क्यावर स्पष्ट लिहिलंय, बाहेर नेऊ नये.

नाही, राग नव्हता मला. मजा येत होती म्हणा. तुम्हीही बसून बघा कधी टेबलाच्या त्या बाजूला. माणसं बोलता बोलता वाकतात.

मग आले बाकवाले आजोबा. त्या नऊ जणांतले उरलेले एकटे, त्यांचंच भाषण होतं. मी कार्ड पुढे केलं, तर म्हणाले, मला नको, मी मीच आहे. मी म्हटलं, कार्ड नाही तर प्रवेश नाही. तोंडातून निघून गेलं हो, तोपर्यंत सवय लागली होती. ते म्हणाले, बरं. शांतपणे वळले, व्हरांड्यात गेले, दोरी उचलली, आणि बसले बाकावर. वॉचमन धावला — आजोबा, उठा, बसायचं नाहीये इथे! तर म्हणाले, मागच्या वेळी मला उठवायला चार जण लागले होते, तू एकटाच आहेस, बाकीच्यांना बोलावून आण. बाकीचे कुठून आणणार तो? विचार केला त्यानं थोडा, आणि तोही बसला शेजारी.

आणि मग अध्यक्षबाई आल्या. बहिणीला घेऊन.

पाणी देऊ तुम्हाला? नको? मी घेते.

धाकटी बहीण त्यांची, परगावाहून आली होती, स्टेशनवरून थेट, बॅग हातात. सर्दीनं बेजार, खोकत होती सारखी. तिच्याकडे कार्ड नव्हतं. मी विचारलं — विचारायचंच असतं ते, मला कोणी शिकवलं नव्हतं, पण मला माहीत होतं — मी विचारलं, 'दोघी बरोबर आहात?' आणि अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, 'छे, मी हिला ओळखतच नाही!' सगळी रांग हसली. बहीणही हसली. मी म्हटलं, ओळखत नाही? त्या घड्याळाकडे बघत होत्या. म्हणाल्या, 'नाही हो, कोण आहे ही कोणास ठाऊक, मारा ना शिक्का पटकन.' आणि मी त्या धाकटीकडे बघत होते, हसता हसता थांबली ती. गंमतच चाललीये हे तिला कळत होतं, पण थांबली. बॅग या हातातून त्या हातात घेतली. तेवढंच.

मी धाकटीला 'तपासले' मारला आणि आत सोडलं. अध्यक्षबाईंना दुसरा. त्या म्हणाल्या, अहो, मी अध्यक्ष आहे! मी म्हटलं, कार्डावर धुणंवाली आहे. बसा आत. आणि हे दार लावलं. ओढलं नुसतं. त्यानंतर कोट काढला नाही मी, 'पुढचा' पण म्हटलं नाही. रांगेतले बाकीचे कंटाळून घरी गेले. सभागृहात दोनशे खुर्च्या आणि ती एकटी धाकटी. मग मीच तिला व्हरांड्यात घेऊन गेले. भाषण झालं हो, कार्यक्रम बुडाला असं लिहू नका! आजोबा बाकावरूनच बोलले — मी, वॉचमन आणि ती धाकटी, ऐकायला तिघं. तुरुंगात नवांपैकी कोण किती घोरायचं, ते सगळं साग्रसंगीत सांगितलं. ती इतकी हसली की खोकल्याचा ठसकाच लागला, तर आजोबांनी स्वतःचा मफलर दिला तिला. सव्वादोन तासांनी तिनंच जाऊन हे दार उघडलं. ताई, चल, म्हणाली. आतले तेवीस आधी माझ्याकडे बघायला लागले. उठू का, असं.

काय? नाही, अध्यक्षबाईंवर माझा काही डूख नाही. मग का ठेवलं — तुम्ही फिरून फिरून तेच विचारताय. कागदावर न लिहिता ऐकणार असाल तर सांगते. पेन ठेवा. ठेवा खाली.

आम्ही दोघी होतो. मी सत्तावीस, माझी धाकटी बावीस. सहा तास रांगेत. तिला खोकला, महिनाभर जात नव्हता, आणि रांगेत सगळे बोलत होते की खोकणाऱ्याला बाजूला घेतात, आणि त्याच्याबरोबरच्यालाही. ती पुढे गेली खिडकीशी, काहीतरी बोलली, तिला बाजूला उभं केलं. मग मी. अधिकाऱ्यानं पेनानं तिच्याकडे दाखवलं — ती तुझ्याबरोबर आहे? मी म्हटलं, नाही. ओळखतेस? नाही. दादा, एकाच ताग्यातल्या कापडाचे ड्रेस होते आमच्या अंगावर. आईनं शिवलेले. एकच नाक. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मारला शिक्का. मी गेले आत. तिला परत पाठवलं. ती तिकडेच राहिली, तिकडेच लग्न, तिकडेच नातवंडं. दर रविवारी फोन करतो आम्ही एकमेकींना. एकतीस वर्षांचे रविवार धरा — भाजी काय केली, गुडघा कसा आहे, शेजारीण मेली का. हे एकदाही नाही. मला वाटायचं तिनं ऐकलं असेल. मला वाटायचं नसेल ऐकलं. रविवार संपायचा.

मग या रविवारी, म्हणजे त्या गोंधळाच्या दुसऱ्या दिवशी, मी सांगून टाकलं. म्हटलं, ऐक, मी त्या दिवशी म्हणाले होते की मी तुला ओळखत नाही. तर मला हसू ऐकू आलं. हसतेय! इतकी हसली की तिची सून धावत आली, मला फोनमधून ऐकू आलं, आई काय झालं म्हणून. आणि ही म्हणते, 'अगं ताई, मी तर तुझ्या आधीच सांगितलं होतं त्याला! ती मागची माझी कोणी नाही म्हणून. माझ्या खोकल्यापायी तुला अडवतील ना, म्हणून.' मग म्हणते, 'कसले मूर्ख गं आपण, त्या बिचाऱ्याला काय वाटलं असेल, दोन जुळ्या मडक्यांसारख्या बायका आणि दोघी म्हणतात ओळखत नाही!' आणि परत हसायला लागली.

तुम्हीही हसताय. हसा, हसण्यासारखंच आहे. मीही हसले जरा वेळ. मग फोन ठेवला.

नाही, बरं नाही वाटलं. तुम्हाला वाटतंय की सुटले मी, झालं सगळं बरोबर? अहो, तिनं नाही म्हटलं ते माझ्यासाठी. आणि ती समजून चाललीये की मीही तिच्यासाठीच म्हटलं! मी कोणासाठी म्हटलं? मला आत जायचं होतं. बस. तेवढंच होतं डोक्यात, दुसरं काही नव्हतं, तिचा खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता मला. आता हे तिला सांगायचं की नाही? ती तिकडे सगळ्यांना गोष्ट सांगत सुटली असेल, आम्ही दोघी बहिणींनी एकमेकींसाठी काय केलं त्याची. तीन दिवस रोज फोन येतोय तिचा, रविवार नसताना. मी उचलत नाही. काय बोलू?

हो, तुमच्या कागदाचं काय — लिहा, चूक झाली, माफी मागते. अध्यक्षबाईंची मागते, सगळ्यांसमोर मागते, त्यात काही नाही. कुठे सही करू? इथे? 'कारण' मोकळं राहिलंय? राहू द्या. किंवा लिहा, शिक्के चुकीचे होते. चालेल तेच. द्या पेन —

ऐका. वाजतोय ना? माझाच आहे, पर्समध्ये. तीच असणार, या वेळेला दुसरं कोण करणार मला. नको, तुम्ही नका देऊ, मी घेते. नाही — थांबा — उचलते आज. उठा तुम्ही, दादा. कागद राहू दे, उद्या या सहीला. जा ना, उभे काय राहिलात, ही माझ्या घरची गोष्ट आहे. जा.

हॅलो. हो, मीच. हसू नकोस. आधी ऐक.