ब्रिटाचे पाच शब्द

हॅलो?… कोण, ब्रिटा? मोठ्यानं बोल गं… बाहेर बर्फ काढायचं यंत्र फिरतंय, काही ऐकू येत नाही… हां, बोल आता.

काय?… मंजूर झाला? तुझा स्वतःचा अभ्यास?… उंदरांवर नाही, माणसांवर? अगं बाई! चार वर्षं त्या उंदरांशी संसार केलास, सुटलीस एकदाची!… हो, हो, त्यांच्याही मेंदूला मारच लागलेला… चिडतेस काय, गंमत केली.

बाबा ना? कुरकुरतात. हिच्या वर्गातली पोरं केव्हाच दवाखाने थाटून बसली म्हणतात… मी म्हटलं, हिला डॉक्टरही व्हायचंय आणि शोधही लावायचाय. दोन दगडांवर पाय, वेळ लागणारच.

विसरेन कशी?… आपला नेल्स बर्फावर हॉकी खेळताना कडेच्या फळीवर डोकं आपटून पडला नसता, तर तू हाडांचीच डॉक्टर होणार होतीस…

काय म्हणालीस?… तुझ्या अभ्यासात पहिलं नाव भावाचं?… थांब… हो, तपासणारं दुसरं कुणी असेल, कळलं… अगं, आईचं ऐक ना!… तो काय, हो म्हणेल. तू सांगितलंस तर गोठलेल्या तळ्यात उडी मारेल.

पण मागच्या खेपेला काय झालं?… वाढदिवस होता त्याचा. केक कापायच्या आधी तू त्याला पाच शब्द सांगितलेस आणि केक खाऊन झाल्यावर विचारलेस… हो, दोनच आले. पण तुझा चेहरा पडला ना, तो त्यानं पाहिला. सकाळी तू निघून गेलीस… काम होतं, माहीत आहे. त्याला कोण सांगणार?

मलाही हवाय गं तो आधीचा नेल्स… जिन्यावरून शिट्टी मारत उतरायचा. अजून सकाळी माझे कान तिकडेच असतात… पण हा आहे ना, हाही तुझा भाऊच आहे. वाट बघतो तुझी.

आत्ता? भांडी पुसतोय… पुटपुटतोय काहीतरी… काहीतरी काय, तुझे शब्द! माझ्याकडून लिहून घेतलेत, रोज पाठ करतो… हो, पाचही… माहीत आहे गं, पुढच्या वेळी शब्द बदलतात. त्याला कुठे ठाऊक!… मी विचारलं, कशाला रे? तर म्हणतो, पाचही आले तर ब्रिटा दोन दिवस राहील.

ब्रिटा?… आहेस ना?… रड, रड. मीही रडले.

शुक्रवारी? ये… नाही, कागद-बिगद काही नको. जंगली तांदळाचं सूप करते. दोघं तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला जा… अभ्यासाचं मग बघू. त्यालाच ठरवू दे.

थांब, आलाच बघ… तू काही विचारू नकोस हं… घे रे नेल्स, ब्रिटा आहे…

अरे, आधी हॅलो तरी म्हण तिला!