वरचं की खालचं?

...नाही, पण 'त्यात घाबरायचं काय?' असं म्हणायला लोकांचं काय जातं? सहा वर्षांच्या मुंग्या त्यांच्या थोड्याच होत्या! हो हो, मुंग्याच. आमची बायको मुंग्यांवर प्रबंध लिहितेय. एकेका मुंगीच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन, अंगणात उकिडवं बसून, सहा वर्षं! कोण कुठे गेली, काय उचललं, वाटेत कुणाला भेटली... सगळं त्या एका कॉम्प्युटरात. आणि सोमवारी प्रबंध द्यायचा!

तर तुम्हाला सांगतो, पंधरा दिवसांपूर्वी कॉम्प्युटर जरा हळू चालायला लागला. जरासाच, बरं का! ती म्हणालीसुद्धा, "राहू दे, चालतंय." पण माझ्या अंगात आलं ना! "थांब, नवीकोरी सिस्टिम टाकून देतो!" टाकायला घेतली, ती बासष्ट टक्क्यांवर अडकली. दहा मिनिटं बासष्ट. वीस मिनिटं बासष्ट. मी म्हटलं, बंद करून चालू करू... आणि इथेच शेण खाल्लं! तेव्हापासून मशीन सुरू केलं की पडद्यावर दोन ओळी, एक जुन्या सिस्टिमची, एक अर्धवट नवीची. नावं अगदी सारखी, जुळी! वरची दाबली की मुंग्या. खालची दाबली की मिट्ट काळोख. आणि तीस सेकंदांत काहीच दाबलं नाही, तर ते आपलं आपण खालचंच उघडतं! म्हणजे ही चहाचं आधण ठेवून येईपर्यंत काळोख, आणि मग "अहोऽऽ! ते भूत काढा आधी!" मी गच्चीवर जाऊन बसायचो हो, खरंच.

काढा म्हणे! पण कोणतं? वरचं की खालचं?

मेहुण्याला फोन लावला. तो ऑफिसात दिवसभर हेच करतो. "भाऊजी, एकदम सोप्पं! मशीन चालू झालं की आतमध्ये या दोन्हींची यादी असते, ती उघडायची, त्यातलं एक उडवायचं." म्हटलं, कोणतं? "जे नकोय ते!" अरे शहाण्या, ते मलाही कळतं! पण आतल्या यादीत क्रम पडद्यावरचाच असेल कशावरून? "ते बघावं लागेल." बघावं लागेल म्हणजे? "म्हणजे... बघा." आणि ठेवला फोन!

शनिवारी सकाळी आंघोळ करून बसलो. यादी उघडली. दोन ओळी... जुळ्याच! मी बाण वर नेतोय, खाली आणतोय, पुन्हा वर नेतोय. मागे ही उभी, हाताची घडी घालून. ओरडली असती तर बरं वाटलं असतं हो! वरचं की खालचं? वरचं की खालचं? सहा वर्षं, ठिपकेवाल्या चारशे मुंग्या, आणि एक मी! डोळे मिटले, खालचं धरलं, 'काढून टाका' दाबलं...

काही नाही! पुन्हा दाबलं. काही नाही! सात वेळा दाबलं हो!

शेवटी ही वाकली. "अहो, डोळे उघडा. त्याच्यापुढे 'सध्या चालू' असं लिहिलंय. चालू असलेलं ते काढूच देत नाही."

म्हणजे इथे यादी उलटी! म्हणजे सात वेळा मी मुंग्यांवरच...! हिने मला बाजूला सरकवलं, वरची ओळ धरली, दाबलं. गेली! मशीन बंद करून सुरू केलं. प्रश्न नाही, काळोख नाही, थेट मुंग्या. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अगं, माझ्या हातून आज तुझी सहा वर्षं गेली असती!"

"छे!" ही शांतपणे म्हणाली. "तुम्ही 'थांब, टाकून देतो' म्हणालात ना, त्याच दुपारी मी सगळं कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवलं."

घ्या! मी पंधरा दिवस झोपलो नाही, आणि इकडे बायको काय नि मशीन काय, दोघांचाही माझ्यावर पूर्ण विश्वास... की हा माणूस चुकीचंच दाबणार! आणि मी तो विश्वास सार्थ करून दाखवला की हो... सात वेळा!