सुजेचं आडनाव

गावकरी मंडळी, आयाबहिणींनो, लांबून आलेल्या पाहुण्यांनो. हातातली कामं टाकून तुम्ही हसनाबादला आलात. दादा माझे सख्खे थोरले भाऊ. त्यांना "होते" म्हणायला जीभ वळत नाही. सांभाळून घ्या.

दादांचं तोंड सकाळी सुजायला लागलं, तेव्हा पारावर थट्टा व्हायची. "काय दादा, सासुरवाडी मानवली दिसते!" दादा म्हणायचे, "मंग! तूप चापून राह्यलो ना." आपण हसलो. आपल्याला ती तब्येत वाटली, मंडळी. लघवीला फेस येतो, हे लाजेपायी त्यांनी सांगितलंच नाही.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडातल्या बारीक चाळण्या बिघडल्यात. कशानं, ते सुईनं कणभर तुकडा काढून तपासल्याशिवाय कळायचं नाही. दादा म्हणाले, "सुई लावली की आजार पसरतो. बिलकुल न्हाई." घरी आले. झाडपाला झाला, नवस झाला. पुन्हा गेलो, सुई लावली, तोवर चाळण्यांवर वण धरले होते. औषधाची वेळ निघून गेली होती.

त्या वॉर्डात सगळेच सुजलेले. कुणी साखरेच्या आजारानं, कुणाचं शरीरच त्याच्यावर उलटलेलं, कुणाचं कारण सापडेना. दादा म्हणाले, "तोंडं सारखी, पण आडनावं वेगळी रे. आडनाव कळल्याबिगर औषध कसं लागू होईल?"

एकदा बाहेरच्या बाकावर अंकुशनगरची एक लेक रडत होती. सुईला तयार नव्हती. दादा भिंत धरत तिच्याजवळ गेले.

"भ्याली का पोरी? मी बी भ्यालो होतो. भिऊन काय झालं, ते दिसून राह्यलं ना? ऊठ. मी बसतो इथं जपाची माळ घेऊन."

ती आत गेली. तिच्या आजाराला औषध होतं.

मंडळी, ती समोर बसली आहे. सूज उतरली, गालफाडं दिसतात. आपल्याकडं लेकीला "वाळलीस गं" म्हणताना जीव तुटतो. दादा असते तर हसून म्हणाले असते, "वाळलीस पोरी. लई बरं झालं."

उठा, उभे राहू. ती माळ माझ्या हातात आहे. ही पोरगी बाहेर येईपर्यंत दादा जसे गप्प बसले होते, तसे आपणही थोडा वेळ गप्प राहू.