तारीख न घातलेला मेसेज

मी, मनमोहन वासुदेव विजयकर, वय ७६ वर्षे, व्यवसाय सध्या काही नाही, पूर्वी एका विमा कंपनीच्या आवक-जावक विभागात हेडक्लार्क, राहणार तिसरा मजला, ठाकुरद्वारजवळ, गिरगाव, मुंबई, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. मुलगी जुई लग्नानंतर पुण्यास असते. पत्नी सरोजिनी हिचे गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात निधन झाले. आज सकाळी वडाळा येथील एका सोसायटीच्या गेटवर मी श्री. गौतम कदम यांच्या मातोश्री जाईबाई यांना टॅक्सीत बसवत असताना श्री. कदम यांनी मला पकडले आणि मी त्यांच्या आईला पळवून नेत असल्याची तक्रार दिली. टॅक्सीत बसवत होतो हे खरे आहे. उपनिरीक्षक मॅडमनी थोडक्यात सांगा असे म्हटले आहे, परंतु वडाळ्यापासून सुरुवात केली तर कोणालाच काही कळणार नाही, म्हणून घरापासून सांगतो.

सरोजिनीला काही वर्षांपासून विसरायला होत असे. आधी आमटीतले मीठ विसरली, मग रस्ते. एकदा ठाकुरद्वारहून घरी यायला निघाली आणि चर्नी रोड स्टेशनच्या बाकावर सापडली. त्या दिवशी जुई पुण्याहून धावत आली आणि माझ्या फोनवर निरनिराळी ॲप घालून म्हणाली, "पपा, आता खाली उतरायचंच नाही. मम्मीने तर नाहीच नाही. सगळं दारात येईल." आणि खरोखरच सगळे दारात येऊ लागले. भाजी, औषधे, साफ केलेली कोलंबी, दाढीचा साबण. डॉक्टरसुद्धा फोनच्या काचेतून सरोजिनीला जीभ दाखवायला सांगत. मी काही विसरलो तर जुई पुण्यातून मागवी. याला उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात, पण शेळ्या नीट चालत होत्या. मला या सोयीचे कौतुकच होते, ते मी नाकारत नाही. या वयात तीन मजले चढणे वाचले तर कोणाला नको असते?

सरोजिनी मात्र जन्मभर रोज खाली उतरणारी बाई होती. आम्ही पाठारे प्रभू. मासळी आली नाही तर आमच्या घरात सुतक पडल्यासारखे वाटते. मासळीबाजारातल्या बकुळा कोळणीशी तिचे रोज भांडण होई आणि एखाद दिवशी झाले नाही तर दोघींना चुकल्यासारखे होई. दर उन्हाळ्यात मिरच्या, धणे वाळवून, भाजून ती स्वतः लालबागला नेई आणि आमच्याकडचा सांबार मसाला कांडून आणी. कांडणाऱ्याच्या यंत्रापुढून ती हलत नसे. तो दुसऱ्याचा मसाला आपल्यात मिसळतो असा तिचा ठाम संशय होता. घरी येई ती डोळे लाल, नाक लाल, आणि जग जिंकल्यासारखी. जुईच्या सोयीनंतर मसालाही पाकिटातून येऊ लागला. सरोजिनी ती पाकिटे हातात घेऊन उलटसुलट बघे आणि न फोडता कपाटात ठेवून देई. मीही म्हटले, ठेवू दे.

एप्रिलमधल्या त्या दुपारी बेल वाजली. पार्सल आले होते. आणणाऱ्याने ओटीपी मागितला. फोन आतल्या खोलीत होता आणि चष्मा त्याहून आत. मी ते घेऊन परत आलो, आकडे वाचून दाखवले, पार्सल घेतले, त्याला पाणी हवे का विचारले. दार लावल्यावर माझ्या लक्षात आले की घरात कोणी नाही. पार्सलमध्ये दाराला वरच्या बाजूने लावायची कडी होती. तिचा हात पोहोचू नये म्हणून मागवली होती.

मी खाली गेलो. बऱ्याच दिवसांनी जात होतो. वाण्याचे दुकान जाऊन तिथे मोबाइलच्या कव्हरांचे दुकान झाले होते, ते मला त्या दिवशी कळले. दुकानातल्या पोराने विचारले, "दिसायला कशा आहेत काकी?" पूर्वी आमच्या गल्लीत हा प्रश्न कोणी विचारला नसता. ती चार पावले वाकडी गेली असती तर चौघांनी हाताला धरून आणून सोडली असती. आता तिचा चेहराच कोणाला माहीत नव्हता. मी पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद केली. जुईने मेसेज तयार केला. त्यात भाऊबीजेचा फोटो होता, आमच्याकडच्या कोबी-कोलंबीच्या भानोल्याची थाळी हातात धरून सरोजिनी हसते आहे असा. खालचा मजकूर मला पाठ आहे, तो असा: "कृपया मदत करा. सौ. सरोजिनी विजयकर, वय ७२, आज दुपारपासून गिरगावातून बेपत्ता आहेत. अंगावर अबोली रंगाची साडी. त्यांना काही आठवत नाही. दिसल्यास थांबवून ठेवा, जाऊ देऊ नका." त्याखाली माझा नंबर.

पाठवण्याआधी जुईने तो मला फोनवरून वाचून दाखवला. मी म्हणालो, बरोबर आहे. ज्या माणसाचा जन्म आवक-जावकमध्ये गेला, ज्याने तारीख नसलेले पत्र साहेबाचे असले तरी परत पाठवले, त्याला या मजकुरात तारीख नाही हे दिसले नाही. 'आज दुपारपासून' असे लिहिले होते. तो 'आज' अजून संपलेला नाही.

ती तिसऱ्या दिवशी सापडली. रे रोडला लाकडाच्या वखारींमागे एक गल्ली आहे, तिथे भिंतीला टेकून बसली होती. जिवंत नव्हती. ऊन फार होते, असे डॉक्टर म्हणाले. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत मसाल्याची पाकिटे होती. कपाटातली सगळी. एकही फोडलेले नव्हते.

नंतर मी लालबागला जाऊन चौकशी केली. मसाला कांडणारे अप्पा, ज्यांच्याशी तिचे भांडण असे, ते आता नाहीत. त्यांचा पुतण्या म्हणाला, "आल्या होत्या एक आजी. पाकिटं पुढे केली, म्हणाल्या, माझ्या डोळ्यांदेखत कांडून द्या. मी म्हटलं, आजी, हा तयार मसाला आहे, घरी जा. पोरं हसली जरा. मला काय माहीत हो काका." त्याला माहीत असायचे कारण नव्हते. बकुळा तर माझ्यापुढे तोंडात पदर कोंबून रडली. म्हणाली, "माझ्या पाटीपुढं उभ्या होत्या वयनी. बघत होत्या निस्त्या. किती बारीक झालेल्या! मला वाटलं दुसरंच कोण. घ्यायचं नाय तर पुढं व्हा बाय, असं बोलले मी त्यांना." सरोजिनी पुढे झाली.

मॅडमनी विचारले की निधनानंतर मेसेज रद्द का केला नाही. जुई 'सापडल्या, शोध थांबवावा' असे लिहायला बसली होती. मी तिला नको म्हणालो. सापडल्या असे लिहिले की लोक अंगठे आणि हात जोडल्याची चित्रे पाठवतात. ते मला बघवले नसते. आपोआप विरून जाईल असे वाटले. पण कोणीतरी त्याला फुलांची चौकट केली. कोणीतरी त्याचे हिंदी केले. सोसायट्यांच्या, शाळांच्या, भजनी मंडळांच्या ग्रुपवर तो फिरत राहिला आणि मला फोन येऊ लागले. विरारहून आले, हुबळीहून आले. सगळी माणसे चांगली होती. कोणी म्हणे, आजी सापडल्या का हो? कोणी म्हणे, आमच्या देवळाबाहेर बसल्यात, लवकर या. मी सुरुवातीस 'ती गेली' असे सांगत असे. मग समोरच्या माणसाचे सांत्वन मलाच करावे लागे. मग मी 'बरं, बघतो' म्हणू लागलो.

बाराव्यानंतर रे रोडहून एका मुलीचा फोन आला, की स्टेशनच्या जिन्याखाली तशाच एक आजी आहेत. मी स्वतः अग्नी दिला होता. अस्थी मी स्वतः सोडल्या होत्या. तरी मी गेलो. जिन्याखाली कोणी नव्हते. त्यानंतरही मी काही ठिकाणी गेलो आहे. जुईला हे माहीत नाही. तिला कळवू नये अशी विनंती आहे, पण जबाबात आले म्हणजे आले.

आज सकाळी वडाळ्याहून एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, शंभर टक्के त्याच आहेत. ऑफिसात बसवून ठेवलंय, सोडणार नाही. तुम्ही या." मी ॲपवरून टॅक्सी बोलावली आणि गेलो. सोसायटीच्या ऑफिसात दहा-बारा माणसे जमली होती. मधोमध खुर्चीवर जाईबाई होत्या. चहा पुढे ठेवलेला, त्याच्यावर साय धरली होती. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. नात आकांक्षा हिच्या नव्या घरी त्या निघाल्या होत्या आणि दम लागला म्हणून त्या गेटजवळच्या बाकावर टेकल्या, हे मला आता समजले. त्या सगळ्यांना सांगत होत्या की मी जाईबाई कदम आहे. पण मेसेजमध्ये काही आठवत नाही असे लिहिले होते, त्यामुळे त्या जितक्यांदा नाव सांगत तितकी लोकांची खात्री पटत गेली. एक गृहस्थ मला म्हणाले, "नावसुद्धा भलतंच सांगतायत बिचाऱ्या." मुलाचा नंबर विचारला तर तो त्यांना पाठ नाही. तो फोनमध्ये असतो आणि फोन घरी चार्जिंगला होता. मलाही जुईचा नंबर पाठ नाही. तिथे जमलेल्यांपैकी किती जणांना आपल्या माणसांचे नंबर पाठ असतील, याची मला शंका आहे.

त्या सरोजिनीसारख्या दिसत नाहीत. साडीही अबोली नव्हती. दारातून पाहताक्षणी मला कळले होते. मी तसे सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिले. मुलानेच कोणाला तरी पाठवले असे त्यांना वाटले असावे. त्या म्हणाल्या, "किती उशीर केलात हो! कवाची बसलेय मी."

मला विचारण्यात आले, ह्याच का तुमच्या मिसेस. मी हो म्हणालो.

का म्हणालो, हे मॅडमनी मला पुन्हा पुन्हा विचारले. त्यांना तिथून सोडवायचे होते म्हणून, असे मी आधी सांगितले. ते अगदी खोटे नाही. परंतु टॅक्सी मी जायची-यायची बोलावली होती आणि त्यात परतीचे ठिकाण 'घर' असे घातले होते. त्यांना बसवले तेव्हा मी ते बदलले नाही. त्यांचा पत्ताही विचारला नाही. मी त्यांचा पदर दारात अडकू नये म्हणून आत घेतला आणि म्हणालो, चला आता. एवढ्यात, आजी पोहोचली नाही असा नातीचा फोन आल्यामुळे शोधत आलेले श्री. कदम तिथे पोहोचले. त्यांनी मला दोन थपडा मारल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सरोजिनीला असे नेताना मला कोणी वेळेवर भेटले असते, तर मीही मारल्या असत्या.

इथे आल्यावर श्री. कदम यांना सर्व हकिकत समजली. जाईबाई बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांनी मुलाला विचारले, "ह्यांची बाय हरवलीय काय?" श्री. कदम म्हणाले, "नाय गं आये. वारली ती. वरीस होत आलं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मला कशाला न्यायला आलेला?" त्यांना घाबरवल्याबद्दल मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले, मग हात धरला, म्हणाल्या, "जेवलाव काय?" श्री. कदम तक्रार पुढे चालवू इच्छित नाहीत असे म्हणाले, तो त्यांचा प्रश्न आहे. माझ्यामुळे एका आईला सकाळभर कोंडून घातले गेले, हे नोंदवावे अशी माझी इच्छा आहे. सोसायटीच्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. थांबवून ठेवा, जाऊ देऊ नका, हे आम्हीच त्यांना लिहिले होते.

मॅडमनी नंबर बदलून घेण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही. नंबर बदलला तरी लोक तिला शोधत राहतील आणि भलत्याच बाया धरून ठेवतील, आणि त्यांना न्यायला कोणीच येणार नाही. म्हणून इथेच बसून मी दुसरा मेसेज लिहिला. टाइप श्री. कदम यांनी केला, शब्द माझे आहेत. ते असे: "सरोजिनी मनमोहन विजयकर, ज्यांचा फोटो आपण पाहिला, त्या गेल्या वर्षी २३ एप्रिल रोजी रे रोड येथे सापडल्या. त्या हयात नाहीत. आपण शोधलेत, उपकार आहेत. आता त्यांना कोणी शोधू नये. एकटी म्हातारी बाई दिसली तर तिला तिचे नाव विचारावे, आणि ती सांगेल ते खरे धरावे." खाली मी आजची तारीख घालायला लावली. पाठवायचे बटण मी स्वतः दाबले. जाईबाई माझ्या शेजारी होत्या.

हा जबाब मॅडमनी मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवला. वाचून होईपर्यंत माझा फोन दोनदा वाजला. मी तो उचलला नाही, आणि उठलोही नाही. लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. या वेळी तारीख आधी तपासली. ती घातलेली आहे. बरोबर आहे.

सही
म. वा. विजयकर
दि. ७ एप्रिल २०२५