साहेब येणार म्हणून

पारोळ्याच्या स्टँडवर माझ्या शेजारी एक बाई मांडीवर पिशवी सांभाळत बसल्या होत्या. जळगावची बस लागली आणि त्यांचे यजमान उतरून थेट आमच्या बाकाशी आले.

"पिशवीत काय गं?"

"कपबश्या. उद्या पंचनाम्याला साहेब येणार असं तुम्हीच फोनवर सांगितलं ना? घरातल्या कपांचे कान तुटलेत."

"टॉवरवाल्या कंपनीच्या दारात तीन दिवस बसलो, तेव्हा कुठे तारीख मिळाली. उद्या क्रेननं वावरात तुडवलेलं बठ्ठं, सगळंच्या सगळं दाखवायचं. डोळ्यांना दिसेल तेवढंच नुकसान लिहिणार म्हणे."

"दिसेल तेवढंच?"

"हो. अशी का बघतेस?"

"तुम्ही आधी पाणी प्या."

"कमल, मोडलेली कपाशी वावरात आहे ना?"

"पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी रचल्या. चार बाया लावल्या होत्या."

"आणि चाकांचे खड्डे?"

"बुजवले. साहेबांचा पाय मुरगळला असता."

"अगं, ठिबकच्या फुटलेल्या नळ्या तरी?"

"भंगारवाला काल घेऊन गेला. परका माणूस पहिल्यांदा बांधावर येणार, त्याला उकिरडा दाखवायचा का?"

"फोटो? कुणी फोटो तरी काढलाय का?"

"काढलाय ना, शेजारच्या ज्योतीच्या मोबाइलवर."

"देवा! कधी काढला?"

"आज सकाळी. बठ्ठं आवरून झाल्यावर."